उजव्या कानातली दरी

बाइंझू दारात उभा राहिला
मान उजवीकडे कललेली,
जणू खांद्यावर बसून कुणी
हलक्या आवाजात हिशेब सांगतंय.

मी ऐरणीवर पत्रा दुमडत होतो.
घंटा करतो मी. जेन्नार्जेंतूच्या उतारावर
मेंढी दिसण्याआधी ऐकू येते.
घंटा बेसूर तर दूधही नासतं,
असं माझा बाप म्हणायचा.

"डावा कान गेला," तो म्हणाला.
"फेब्रुवारीत ताप आला, तीन रात्री राहिला,
जाताना कान घेऊन गेला.
बहिरा म्हणू नकोस. ऐकू सगळं येतं.
एकशे बारा घंटा, एकही कमी नाही.
पण सगळ्या इथं"
आणि उजव्या कानाच्या भोकाशी बोट नेलं,
"कळप इथं आत चरतो.
बाहेर नुसती टेकडी उरलीये,
कॅलेंडरवरच्यासारखी."

मला कळलं नाही. खरं सांगायचं तर
मला वाटलं, मागच्या वर्षीच्या
नऊ घंटांचे पैसे बुडवायला आलाय.

"डोळे मीट," म्हटलं, आणि हातोडी घेऊन
भट्टीमागे गेलो. वाजवलं.
त्यानं दाराकडे बोट केलं.
खिडकीशी वाजवलं. दाराकडेच बोट.
मग अगदी त्याच्या डाव्या खांद्यापाशी, हळूच,
तर उजवा हात लांब केला त्यानं
रस्त्यापलीकडचा माणूस दाखवावा तसा.

मी हातोडी खाली ठेवली.

त्या संध्याकाळी लोकरीचा बोळा
डाव्या कानात कोंबून मी घरी निघालो.
डाव्या हाताचा झरा
भिंत ओलांडून उजवीकडे आला होता.
चर्चचे टोल आकाशातून नाही,
माझ्या जबड्यातून पडत होते.
मिमियानं हाक मारली, मी तळघरात उतरलो.
ती माडीवर.
"आजच सुरुवात का?" म्हणून हसली.
तळघरात वाइनची पिंपं असतात.

काय सांगणार तिला?
जागा डोळ्यांसमोर असते असं मी समजत आलो.
पण डोळ्यांना पाठ नसते.
पाठीमागचं सगळं जग
दोन कानांनी दोन टोकं धरून ताणलेलं,
ओढ्याकाठी दोघी बायका ओली चादर धरतात तसं.
एकीच्या हातून सुटलं
की दुसरीनं कितीही घट्ट धरावं,
चादर चिखलात.

आठवड्यानं तो पुन्हा आला.
म्हणाला, आता जागच्या जागी फिरतो, घुबडासारखा.
आवाज चढतो तिथं थांबतो,
शंभर पावलं जातो, पुन्हा फिरतो.
आधी दिशा ऐकू यायची.
आता चालावी लागते.
धुकं असलं की अर्धा दिवस त्यातच.
परवा एक शेळी शोधत होतो, दुपारभर,
ती माझ्याच मागून चालत होती.

हे सांगताना हसला तो. मान तशीच.

मी म्हटलं, पातळ पत्र्याच्या करतो,
चढ्या सुराच्या, लांब पोचणाऱ्या.
"नको."
मग कळपाचे दोन भाग करू, दोन सूर,
एक ओढ्याकडचा, एक...
"नको म्हटलं ना."

खिशातून नऊ घंटांचे पैसे काढून
त्यानं ऐरणीवर मोजून ठेवले.
वर आणखी एका घंटेचे.

"त्या मला सापडत नाहीत," तो म्हणाला,
"पण त्यांचे कान शाबूत आहेत.
मी त्यांना सापडलो तरी चालेल."

घंटा घेताना एक विचारावंच लागतं.
एडका, शेळी, की करडू?
पट्टा त्यावर ठरतो, लोळीचं वजनही.
चाळीस वर्षांच्या सवयीनं
मी दोरी हातात घेतली आणि विचारलं,
मान केवढी आहे?

बाइंझूनं सदऱ्याचं वरचं बटण काढलं.